दीड आणि नव्वद

गेल्या महिन्यात आमच्या नांदेडच्या घरी इन्व्हर्टर बसवायला एक माणूस आला. पेटी उघडून त्याने दोन्ही हात आत घातले आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अरे, डावा हात खिशात घाल आधी!"

तो बिचारा घाबरून उभाच राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारीचं काही खरं नाही. मग हळूच म्हणाला, "मेन बंद केलंय, आजी." मी म्हटलं, "बंद केलेलं मेलेलं नसतं." आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण ही दोन्ही वाक्यं माझी नव्हतीच. ती तुळशीराम सोनकांबळे यांची होती, आणि त्यांना शेवटचं पाहून चाळीस वर्षं उलटून गेली होती.

सोनकांबळे रेडिओ मिस्त्री होते. दुकानाचे नव्हेत, सरकारी. त्या काळी वीज न पोचलेल्या खेड्यांना सरकारने एकेक रेडिओ दिलेला असे. तो सगळ्या गावाचा. निलंग्याच्या पुढे कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या ज्या गावात मी शिक्षिका होते, तिथला रेडिओ शाळेत असे आणि त्याची किल्ली माझ्याकडे. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. सोनकांबळे लातूरच्या दुरुस्ती केंद्रातून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. एसटीच्या टपावर सायकल टाकून निलंग्यापर्यंत, आणि पुढे सायकलवर. खाकी पँट, पांढरा सदरा, खांद्याला मीटरची चामडी पेटी, आणि दुसऱ्या खांद्याला स्वतःच्या पाण्याची बाटली.

रेडिओची पाठ उघडली की पहिलं काम म्हणजे डावा हात पँटच्या खिशात. मग सगळं एका उजव्या हाताने. स्क्रू काढणं, तार सोलणं, कथलाचा डाग देणं. तार सोलताना तिचं दुसरं टोक ते दातात धरत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हैदराबादेत ज्या उस्तादाकडं शिकलो ना बाई, त्यो म्हणायचा, एक हात जेब में रखो मियाँ, मौत कू दो हाताँ होना. मरणाला दोन हात लागत्यात. एका हातातनं करंट शिरतोय, दुसऱ्यातनं निघतोय. मधी काय हाय? काळीज."

"पण बॅटरी तर काढून ठेवलीय तुम्ही."

"बंद केलेलं मेलेलं नसतंय. आत कुठंतरी भरून राहिलेलं असतंय." असं म्हणून ते स्क्रूड्रायव्हरने आत कुठेतरी टेकवायचे, 'टच्' आवाज यायचा, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचे.

तेव्हाचे रेडिओ काचेच्या नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे. त्यांना एका बॅटरीने भागत नसे. आमच्या रेडिओची बॅटरी विटेएवढी जड होती, आणि तिच्या एकाच खोक्यात खरं तर दोन बॅटऱ्या होत्या. एक दीड व्होल्टची आणि एक नव्वदची. मी मूळची नांदेडची, मॅट्रिकला विज्ञान घेतलेली, तरी मला हे कोडंच होतं. सोनकांबळ्यांनी ते एका दुपारात सोडवलं.

"दीडवर व्हॉल्वच्या आतली तार तापती. दिवा लागल्यावानी. पण नुसता दिवा लागून काय उपेग? आवाज न्हाई. आवाजाला वरून वढणारं लागतंय, ते नव्वद. नुसतं नव्वद दिलं आन् दीड न्हाई दिलं, तरी बी मुका. दोन्ही आपापल्या जागी पायजेत. आन् बाई, ही अदलाबदल मातर कधी व्हायची न्हाई. दीडच्या जागी नव्वद गेलं की सगळे व्हॉल्व एका दमात खलास."

तशी अदलाबदल होऊ नये म्हणून कंपनीने प्लगची भोकंच अशी केली होती, की आंधळ्यालाही तो उलटा लावता आला नसता.

पुढे पुढे ते माणसंही याच मापाने मोजायला लागले, की आधीपासूनच मोजत होते कोण जाणे. आमचे मुख्याध्यापक मनाने चांगले, पण तोंड म्हणून उघडायचे नाहीत. ते दीडचे. सरपंचांचे चुलते तात्या, ज्यांच्या एका खाकरण्याने गाव गप्प व्हायचं, ते नुसतेच नव्वद. "तापलेलं कायच न्हाई आत, नुसती वढ." निलंग्याच्या बाजारातली एक तेलुगू बांगडीवाली त्यांना फार पटायची. ती दोन्ही होती म्हणे.

"आणि मी?" मी एकदा विचारलंच.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मीटरची सुई अडकती हाय आज," म्हणाले आणि पेटी मिटली. मला जरा रागच आला.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. पहिल्यांदा आले तेव्हा ते अंगणातल्या लिंबाखाली थांबले आणि म्हणाले, "सेट हितंच आणा बाई, हितं उजेड चांगला हाय." मी आणला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला वैशाखातली टळटळीत दुपार होती, डोळे उघडवत नव्हते, आणि तरी त्यांना उजेड हवा होता, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोनकांबळे बौद्ध होते. शाळेच्या वळचणीला बसून गाव बघत होतं, आणि त्यांना कुणी 'आत नको' म्हणायची वेळ ते येऊच देत नव्हते. त्या दिवशी मी माझं टेबल ओढत लिंबाखाली नेलं आणि स्वतःही तिथेच वह्या तपासत बसले. यापेक्षा जास्त धीर माझ्यात नव्हता, हे मी आत्ताच सांगून टाकते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसायला लागले. सगळं गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचं आणि मुलं शाळेत सरकारी सुकडी खायला यायची. संध्याकाळी धुळीने पांढरी झालेली माणसं शाळेच्या अंगणात येऊन बसत आणि रेडिओ ऐकत. बौद्धवाड्यातली माणसं कुंपणाबाहेरच्या दगडांवर. दिवसभर एकाच खडीवर बसलेली हीच माणसं संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना बसायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे. मलाही तेव्हा वाटत नव्हतं.

बौद्धवाड्यात गोदाआजी होती. सत्तरीची असेल, पण आवाज असा की हातोड्याच्या ठेक्यावर ती गायला लागली की बाया मोजून दगड फोडायच्या. एक दिवस रेडिओ केंद्राची गाडी कामावर आली आणि तिची तीन गाणी टिपून घेऊन गेली. आठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर गाणी लागणार असल्याचं कार्ड आलं. येत्या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

आमच्या गावाचं नाव कधी रेडिओवर आलं नव्हतं. आता गावची बाईच येणार होती. आणि आमची बॅटरी पंधरा दिवसांपूर्वीच संपलेली. आसपासच्या गावांची तीच गत. मी लातूरला पत्र टाकलं. गुरुवारी दुपारी सोनकांबळे सायकलवरून आले ते हात हलवत.

"गोदामात एक बी बॅटरी न्हाई बाई. सुट्टी टाकून आलोय. मला सांगा, गावात टॉर्च किती असतील?"

मला काही कळेना. ते म्हणाले, "टॉर्चचा एक सेल दीडचा. साठ सेल एकामागं एक लावले की नव्वद."

त्या दुपारी शाळेची सगळी मुलं घरोघर सेल मागत फिरली. रात्री शेताला पाणी द्यायला टॉर्च लागायचा, पण पाणीच नव्हतं, मग टॉर्चला काय काम? कुणी दोन दिले, कुणी एक. कुणी गंज आलेला, कुणी पोरीने बाहुलीच्या पेटीत ठेवलेला. बौद्धवाड्यातून अकरा आले. सोनकांबळ्यांनी परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या सुरळ्या केल्या, दहा दहा सेल भरले आणि सहा सुरळ्या एका फळीवर बांधल्या. एका हातानेच, डावा खिशात.

"हे तर सगळे मरायला टेकलेत," मी म्हटलं.

"नव्वदला थकलेले चालत्यात. तिथं जोर लागत न्हाई, नुसतं रांगंत उभं ऱ्हावं लागतंय. दीडला मातर ताजा पायजे." दीडसाठी त्यांनी माझ्या टॉर्चमधले नवे दोन सेल काढून घेतले, एकामागे एक न लावता शेजारीशेजारी जोडायला.

एवढ्यात तात्या काठी टेकत आले. सुरळ्यांकडे बघून म्हणाले, "कुणाचे सेल कुठं घातलास रं? आमचे त्यांच्यासंगं?"

सोनकांबळ्यांनी मान वर केली नाही. शांतपणे म्हणाले, "येगळी रांग लावून देतो की तात्या. तुमच्या आळीचे वीस हायत. तीस व्होल्ट हुतील. आवाज तेवढा यायचा न्हाई."

तात्यांनी काठीच्या टोकाने सुरळ्या मोजल्या. मग म्हणाले, "लाव बाबा तुला लावायचं तसं," आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी वह्यांत तोंड घालून हसले.

मीटरची सुई अठ्ठ्याहत्तरवर थांबली. "पुरं झालं," सोनकांबळे म्हणाले, "गोदाआजी जरा हळू गाईल." बॅटरीचा प्लग कापून त्यांनी चार मोकळ्या तारा काढल्या, जोडल्या, आणि रेडिओ खरखरला. अंगणात केवढा आरडाओरडा झाला! कुंपणाबाहेर गोदाआजी धुतलेलं लुगडं नेसून दगडावर बसली होती, लग्नाला आल्यासारखी.

खरखर फार होती. सात वाजायला आले होते. एरियलची तार सारखी करायला सोनकांबळे लिंबावर चढले. चढताना म्हणाले, "कुणी हात लावायचा न्हाई." ते सगळ्यांना म्हणाले, पण मला वाटलं, यात मी नाही. मी दोन वर्षं त्यांच्याशेजारी टेबल टाकून बसत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते.

एक पोर पळत गेलं, त्याच्या पायात तार आली, ताज्या सेलांवरचं एक टोक निसटलं आणि रेडिओ बंद पडला. वरून सोनकांबळे विचारत होते, "आवाज येतोय का?" सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी ती तार उचलली आणि टेकवली. नव्वदच्या सुरळीच्या टोकाला.

चारही व्हॉल्व्हच्या आत एकदम काजव्यासारखं चमकलं. 'टिक' झालं. मग काहीच नाही.

सोनकांबळे खाली आले. त्यांनी तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डावा हात खिशात घातला, एकेक व्हॉल्व्ह काढून मावळत्या उजेडासमोर धरला आणि परत ठेवला. लोक उठून जवळ आले होते. मी बोलायला तोंड उघडलं असेल किंवा नसेलही, आता मलाच खात्री देता येत नाही. त्याआधी ते मोठ्याने म्हणाले, "माजी चूक झाली. तारा उलट्या लावल्या म्या."

तात्यांनी काठी आपटली. "ह्यांच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं. ज्याचं काम त्यानं करावं."

अंगणात दोनशे माणसं असतील. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. माझी नोकरी कच्ची होती, गावात एकटी राहत होते, ही कारणं नंतर सुचली. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते. तात्यांचं ते वाक्य खरं तर माझ्या वाट्याचं होतं, आणि ते दुसऱ्या माणसाच्या जातीवर जाऊन पडताना मी गप्प उभी राहून पाहिलं.

सात वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुठेतरी, कुणाच्या तरी घरी गोदाआजी गात असणार. ती उठली, लुगडं झटकलं आणि कुंपणाबाहेरूनच म्हणाली, "जाऊ दे लेकरा. माजा आवाज मला ठावं हाय." मग घरी गेली.

सोनकांबळ्यांच्या नोकरीच्या कागदात निष्काळजीपणाचा शेरा पडला. पुढच्या महिन्यात चार नवे व्हॉल्व्ह घेऊन ते आले, तेव्हा मी लिंबाखाली रडायलाच लागले. म्हटलं, "तुम्ही का सांगितलंत तसं?"

"तुमाला ह्या गावात ऱ्हायाचं हाय, बाई. मला काय, सकाळची गाडी हुती." आणि बाटलीतलं पाणी प्याले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. जळलेले चार व्हॉल्व्ह मात्र कापसात गुंडाळून एका डब्यात ठेवले होते. तो डबा त्यांच्या पिशवीत मला नेहमी दिसायचा. तो दिसू नये म्हणून मी दुसरीकडे बघायचे.

पाऊस आला, दुष्काळ गेला, माझी बदली औशाला झाली. गावोगाव वीज आली, कानाला लावायचे ट्रान्झिस्टर आले आणि विटेएवढी बॅटरी पोरांना खोटी वाटायला लागली. त्या गावात पुढे नऊ वर्षं मी पाऊल टाकलं नाही. मग ब्याऐंशीला लातूरचा वेगळा जिल्हा झाला. लातूरला पताका, कमानी, रंग ओला असलेल्या पाट्या. आमच्या त्या जुन्या गावानेही शाळेच्या अंगणात सभा ठेवली आणि जुन्या बाई म्हणून मला बोलावलं. जाणार नव्हते. पण निमंत्रण घेऊन आलेल्याने सहज सांगितलं, लाउडस्पीकर घेऊन सोनकांबळे मिस्त्री येणार आहेत.

लिंब तसाच होता. त्याच्याखाली टेबलावर केंद्राचा जुना अँप्लिफायर, आणि मागे सोनकांबळे. केस पांढरे, सदरा तोच पांढरा. दुरुस्ती केंद्र मोडणार होतं. माणसं आसपासच्या जिल्ह्यांत वाटली जात होती. मुलगी नांदेडला शिकत होती, म्हणून त्यांनी नांदेड मागून घेतलं होतं. "परवा जातो," म्हणाले. मी गोदाआजीचं विचारलं. ती दोन वर्षांपूर्वी गेली होती.

कुंपण आता पडलं होतं. बौद्धवाड्यातली माणसं आत बसली होती, पण डावीकडे, सगळी एकत्र. तात्या पहिल्याच खुर्चीत, कानाला कमी ऐकू येत होतं. आधी सरपंच बोलले, मग आमदारांचा कुणी माणूस बोलला, आणि मधेच लाइट गेली. परत आली तेव्हा माझं नाव पुकारलं होतं.

मी माइकपाशी जाऊन "मंडळी" म्हटलं. आवाज गेलाच नाही.

"थांबा बाई," सोनकांबळे म्हणाले. "आताच लाइट आली. तापू द्या. ह्यातले व्हॉल्व येगळे हायत, ह्यांना टाइम लागतो."

अर्धा मिनिट लागला असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी अंगणाकडे पाहत होते. जिल्ह्यावर दोन शब्द बोलायचे म्हणून कागद लिहून आणला होता. अँप्लिफायरच्या जाळीतून आत लाल उजेड चढताना दिसत होता. सोनकांबळे वाकून तो बघत होते, डावा हात खिशात. मी कागद पर्समध्ये ठेवून दिला.

"मंडळी," या वेळी आवाज लिंबावरच्या कर्ण्यातून थेट बौद्धवाड्यापर्यंत गेला. "दुष्काळात, गोदाआजीचं गाणं लागायच्या दिवशी, ह्याच जागी रेडिओ जळला. सोनकांबळे मिस्त्री म्हणाले, चूक माझी. ती त्यांची नव्हती. ते झाडावर होते. तार मी लावली. गोदाआजीचं गाणं माझ्यामुळे गेलं, आणि त्यांना बोल लागला तेव्हा मी गप्प बसले. मी त्यांची माफी मागते."

एवढंच. जिल्ह्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायच्या कशाला? पोरं हसली. त्यांना रेडिओ जळण्यात एवढं काय ते कळेना. डावीकडच्या बायांत एकीने पदर तोंडाला लावला. ती गोदाआजीची सून होती. तात्यांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणली बाई?" त्याने त्यांच्या कानात ओरडून सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

तात्या मग उठले आणि सभा चालू असतानाच काठी टेकत टेबलापाशी गेले. उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मिस्त्री, च्या घेतलास का? घरी चल."

"घेतला तात्या," सोनकांबळे म्हणाले.

घेतलेला नव्हता. मी सकाळपासून तिथेच होते, मला माहीत होतं.

संध्याकाळी निलंग्याच्या स्टँडवर मी औशाच्या गाडीची वाट बघत होते. अँप्लिफायर गावच्या जीपने लातूरला पाठवून ते देगलूरच्या गाडीत बसले होते. देगलूरला बहिणीकडे मुक्काम करून पुढे नांदेड. परवा म्हणाले होते, आजच निघाले. मांडीवर मीटरची पेटी, खिडकीशी जागा. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले.

मग त्यांनी पिशवीतून तो डबा काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे आता तुमच्याकडं ठिवा. मला नगं."

गाडी सुरू झाली. मी धावत विचारलं, "आणि मीटर? सुई अजून अडकलेलीच आहे का?"

ते हसले. "दहा वर्षं दीडवर हुता तुमी, बाई," ते इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "आज नव्वद लागलं."

मग गाडी वळली, आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. उजवा पेटीवर असणार, कारण हलत होता तो डावा. स्टँडच्या फाटकातून गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हलत राहिला.